विहिरीतल्या कासवांचे ग्यानबामामा

विहिरीत उतरायच्या आधी ग्यानबामामा काठावर पालथे पडायचे. सदरा काढून बाभळीच्या फांदीला अडकवलेला, कमरेला दोर बांधलेला. मान आत घालून ते हाक द्यायचे, "ओऽ, हाईस का रं?"

आतून त्यांचाच आवाज जरा जाड होऊन परत यायचा. तो विरला तरी मामा तसेच कान देऊन पडून राहायचे. काठावरची माणसं हसायची.

"मामा, कासव कधी ओ देतंय का?"

"देत न्हाई. पर कुणाच्या घरात शिरताना आपण हाक मारतावच की."

मानवतपासून थोडं आत, फाट्यावर उतरून चालत जावं लागायचं अशा गावातल्या शाळेवर माझी बदली झाली होती. घर परभणीत. रोजची ये-जा झेपेना म्हणून मी गावातच खोली घेतली आणि शनिवारी दुपारी घरी जायला लागले. खोलीची एक भिंत मामांच्या घराची होती. त्या भिंतीपलीकडून संध्याकाळी भाकरी थापल्याचा आवाज यायचा. बाईमाणसाच्या हाताचा आवाज वेगळा असतो, एका लयीत पडतो. हा आवाज अडखळत यायचा. थोडा वेळ थपथप, मग काहीच नाही. सगळं गाव जेवणाच्या गडबडीत असताना त्या घरातून नंतर ताटवाटीचाही आवाज येत नसे. बरेच दिवस मला वाटायचं की हा माणूस जेवतो की नाही. मग कळलं, ते परातीतच खायचे. एकट्यासाठी ताट कशाला खराब करायचं, म्हणायचे.

त्यांचा धंदा विहिरीतला गाळ काढायचा. म्हणजे एके काळी. मी गेले तेव्हा त्यांची यारी, गाळाच्या बादल्या वर ओढणारं ते लोखंडी यंत्र, घरामागे गंजत पडली होती आणि तिच्या चाकावर दोडक्याचा वेल चढला होता. शिवारात जिकडेतिकडे बोअर झाले होते. विहिरींचं पाणी खोल गेलं, मग आटलं. आटलेल्या विहिरीतला गाळ कोण काढणार? हाताखालची माणसं कुणी ऊसतोडीला गेली, कुणी परभणीत बांधकामावर. मुलगा पुण्याकडे कंपनीत लागला. बायको सरजाबाई मी यायच्या आधीच वारली होती. मामा तेवढे राहिले.

त्या भागात पूर्वी जवळजवळ प्रत्येक विहिरीत कासव असायचं. नवीन विहिरीला पाणी लागलं, पूजा झाली, की मालक ओढ्याच्या डोहातून एखादं कासव धरून आणायचा आणि आत सोडायचा. आत पडलेले किडे, मेलेला बेडूक, सडका पाला ते खातं आणि पाणी चांगलं राहतं, अशी समजूत. खरं-खोटं मला माहीत नाही, पण समजूत पक्की होती. उन्हाळ्यात गाळ काढताना मामा आधी कासव वर काढायचे. वर सरजाबाई ओल्या पोत्यावर बसलेली असायची. काम संपेपर्यंत कासव तिच्या मांडीवर.

"ती पदर भिजवून त्याच्यावर घालायची," मामा सांगायचे. "मी म्हनायचो, अगं, पाटीखाली झाकून ठेव अन् चल भाकर वाढ. तर म्हनायची, पाटीखाली त्याला अंधार वाटंल. आता बघा बाई, जे जलमभर विहिरीत ऱ्हातंय त्याला अंधार वाटतोय व्हय?"

असं म्हणून ते हसायचे. हसून झालं की गप्प व्हायचे. त्या गप्प होण्याची मला सवय झाली. मी माझ्या उंबऱ्यात वह्या तपासत बसायची, ते त्यांच्या. अधूनमधून म्हणायचे, "मास्तरीणबाई, बोला कायतरी." मी काय बोलणार? शाळेतलं सांगायची. ते ऐकायचे असं नाही, पण आवाज चालू राहिला की त्यांना बरं वाटायचं.

एका उन्हाळ्यात, परीक्षा चालू असताना, शाळेच्या हातपंपापाशी मुलींनी आरडाओरडा केला. जाऊन पाहिलं तर पंपाखालच्या चिखलात कासव. अंगावर वाळलेली माती, मान आत ओढलेली. मी एका मुलीला मामांकडे पिटाळलं. ते अनवाणीच आले. कासव उचललं, उलटं करून पोट पाहिलं, मग ते ज्या दिशेनं आलं असावं तिकडे बघत उभे राहिले.

"ओढ्यातलं हाय," ते म्हणाले. "चालत आलंय."

"इतक्या लांबून?"

"मी जलमात कासव चालत आलेलं पाह्यलं न्हाई, बाई. पावसात इकडून तिकडं जात्यात, ते ठीक हाय. पर या उन्हात?"

आम्ही ओढ्याकडे गेलो. डोहाच्या काठावर ओळीनं मोटारी बसवलेल्या. पाइप शेतांत गेलेले. डोहाच्या तळाला राहिला होता चहाच्या रंगाचा थोडासा चिखल आणि त्यात मेलेली मासळी. चिखलावरून बाहेर पडणारे फरपटल्यासारखे माग होते. एक नाही, बरेच. ते काठापर्यंत यायचे आणि कडक मातीवर हरवायचे. मामा त्या मागांच्या मागे थोडं चालले, परत आले, दुसऱ्या मागावर गेले, परत आले.

"समदे उठून गेलेत," ते म्हणाले. "ज्याला जिकडं सुचंल तिकडं."

त्या रात्री मी फोनवर शोधून काही वाचलं आणि सकाळी त्यांना सांगितलं. ही मऊ पाठीची कासवं पाणी आटायला लागलं की चिखलात स्वतःला गाडून घेतात आणि पाऊस येईपर्यंत पडून राहतात. चिखलही राहिला नाही तर पाणी शोधत निघतात. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. ते बराच वेळ दात घासायची काडी तशीच हातात धरून बसले.

"म्हंजे गाळात झोपत्यात."

"हो."

"अन् मी जिंदगीभर गाळच काढला."

"पण मामा, तुम्ही तर पाणी असायचं तिथं परत सोडायचात ना?"

"पाणी व्हतं तवर ठीक हाय हो. आता पाणी गेलं. अन् खाली खडक. घासूनपुसून ठेवलेला खडक. त्यानं कुठं शिरायचं?"

त्यानंतर मामांचं नवीन काम सुरू झालं, कुणी न सांगितलेलं. कोरड्या पडलेल्या विहिरींत उतरायचं आणि आतलं कासव काढायचं. ओढ्यातली कासवं चालत तरी गेली. विहिरीतली त्या उभ्या दगडी भिंती चढणार कशी? काही विहिरींत ते हाक देऊन उतरायचे आणि रिकाम्या हातानं वर यायचे. काहींत फक्त वाळलेली पाठ मिळायची. ती ते वर आणत नसत. जिवंत सापडलं तर ओलं पोतं, त्यावर कासव, आणि डोक्यावर घेऊन जिथं अजून पाणी आहे अशा विहिरीवर. लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली. शेतकरी निरोप द्यायला लागले, "मामा, आमच्यातलं बी काढा." कुणी चहा पाजायचा, कुणी नुसतंच लांबून हात दाखवायचा.

एकदा मोटारीतून कुणी शहरातले गृहस्थ आले. दिवाणखान्यात कासव ठेवलं की भरभराट होते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मामांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "हाय ना कासव. पर त्याचं असं हाय साहेब, ते ज्या घरात गेलं तिथलं पाणी आटतंय. आमच्या गावात बगा, प्रत्येक विहिरीत व्हतं. एक विहीर ऱ्हायली न्हाई." गृहस्थ पाणी अर्धंच पिऊन उठले. गाडी वळेपर्यंत मामांनी तोंड तसंच ठेवलं होतं. नंतर इतके हसले की ठसका लागला. त्यांना मोकळेपणानं हसताना मी पाहिलं ते बहुतेक तेवढंच.

दत्तरावांची विहीर बुजवायची ठरली तेव्हा रविवार होता आणि काही कामामुळे मी गावातच राहिले होते. दत्तराव गावातले मोठे शेतकरी. माणूस वाईट नाही. शाळेच्या कंपाउंडला त्यांनीच तारा दिल्या होत्या. विहीर कोरडी, फारशी खोल नाही, रस्त्याला लागून, त्यात कुणाचं वासरू पडलं, कुणाचं कुत्रं पडलं. बुजवली तर जागाही मोकळी होते. जेसीबी आला होता, काठावर मुरूम-दगडांचा ढीग तयार होता. मामा धापा टाकत पोचले.

"दत्तराव, थांबवा. आत कासव हाय."

"मामा, तिथं दोन सालापासून पाणी न्हाई. कशाचं कासव?"

"मीच बसवलेलं हाय. तुमच्या वडलांच्या हातानं सोडलं, मी खाली धरलं."

"मेलं असंल ते."

"मेलं असंल तर बुजवा. बघू तर द्या."

दत्तरावांनी घड्याळाकडे, जेसीबीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही सांगेन. जेसीबीवाल्यानंच शेवटी मशीनचं बकेट काठावर आणून टेकवलं आणि म्हणाला, "बसा बाबा, सोडतो खाली." मामा आयुष्यभर दोरानं उतरले. त्या दिवशी त्या लोखंडी पंज्यात उकिडवे बसून हळूहळू खाली गेले. जाताना त्यांनी हाक दिली का, मशीनच्या आवाजात कळलं नाही.

आत कासव दिसेना. मामा खाली वाकून हातानं तळ चाचपत होते. एका कोपऱ्यात, जिथं वरून माती पडून थोडी ओल धरून राहिली होती, तिथं ते बसले आणि उकरायला लागले. वर बघ्यांची गर्दी जमली. दत्तराव म्हणाले, "चला मामा, पुरे." मामांनी मान वर केली नाही. बराच वेळ उकरल्यावर त्यांच्या हाताला काहीतरी लागलं. त्यांनी ते बाहेर काढलं. मातीचा गोळाच होता तो. त्यांनी तो छातीशी धरला आणि ओरडले, "वढा!"

वर आल्यावर कुणीतरी बाटलीतलं पाणी त्या गोळ्यावर ओतलं. माती निघाली. खाली पिवळसर पोट, घट्ट बंद. काही झालं नाही. सगळे बघत राहिले. मग मागचे पाय झाकणाऱ्या कातडीच्या झडपा किंचित हलल्या. दत्तरावच म्हणाले, "अरे, हाय की!" आणि त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

म्हणूनच पुढचं घडलं. दत्तरावांना आनंद झाला होता आणि त्यांनी आपणहून म्हटलं, "मामा, माझ्या शेततळ्यात सोडा. नवीन केलंय, काठोकाठ भरलंय." मोसंबीच्या बागेसाठी त्यांनी मोठं शेततळं घेतलं होतं. चारी बाजूंनी काळा प्लास्टिकचा कागद, पाणी निळं, स्वच्छ. मामा काठावर उभे राहून बघत राहिले. इतकं पाणी त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"आता याला मरान न्हाई," ते म्हणाले आणि कासव सोडलं. ते सरळ खाली गेलं. मामा त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त बोलले. सरजाबाईबद्दलही बोलले. ती असती तर म्हणाली असती, घर मिळालं बिचाऱ्याला.

काही आठवड्यांनी दत्तरावांच्या गड्यानं ते आणून दिलं. पाण्यावर तरंगत होतं. मी शाळेतून आले तेव्हा मामा ओट्यावर बसले होते आणि कासव त्यांच्या मांडीवर होतं.

"नखं बघा बाई," ते म्हणाले.

नखं नव्हतीच. पुढच्या दोन्ही पायांची झिजून मांसापर्यंत गेली होती. त्या गुळगुळीत कागदावर ते चढायचा प्रयत्न करत राहिलं असणार. टेकायला दगड नाही, शिरायला चिखल नाही, खायला काही नाही, आणि भिंत अशी की हात ठेवला की सुटतो. पाणी मात्र काठोकाठ.

"मामा, तुम्हाला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"विहिरीत झोपलं व्हतं ते. मी उठवून आणलं अन् मीच टाकलं."

मी आणखी काही बोलायला गेले तर त्यांनी हात वर केला, बोलू नका असा. पुढचे काही दिवस भिंतीपलीकडून थपथप आली नाही. मी भाजी-भाकरीचं ताट दिलं, ते त्यांनी घेतलं आणि सकाळी घासून परत दिलं. ते जेवले की कुत्र्याला घातलं, मी विचारलं नाही.

मग एके दिवशी त्यांनी यारीवरचा दोडक्याचा वेल उपटला. मला वाटलं, यंत्र भंगारात विकतात की काय. त्यांनी फक्त तिचा जुना जाड दोर सोडवून घेतला. त्याचे तुकडे केले, तुकड्यांना जुन्या मच्छीजाळ्याचे पट्टे बांधले, आणि डोक्यावर ते भेंडोळं घेऊन शेततळ्यांवर फिरायला लागले. काठावरच्या खुंटाला दोर बांधायचा, जाळं पाण्यात सोडायचं. जे कुणी आत पडेल त्याला धरून चढता यावं. कासव असो, साळिंदर असो, कुत्रं असो.

शेतकऱ्यांना हे आवडलं नाही आणि त्यांचंही चूक म्हणता येत नाही. दोरानं कागद घासला आणि भोक पडलं तर सगळं पाणी जाणार. कुणी दोर कापून बांधावर फेकून दिला, मामांनी तो पुन्हा बांधला. कुणी दमदाटी केली. दत्तरावांनी एकदा त्यांना घरी बोलावून समजावलं. मामा म्हणाले, "दोराखाली मी पोतं घालतो. दर आठ दिसाला येऊन बघतो. भोक पडलं तर माझं घर घ्या." दत्तरावांच्या तळ्यावरचा दोर राहिला. बाकीच्यांनी मुलाला फोन केला. मुलाचा मामांना आला. माझ्यासमोरच बोलणं झालं. पलीकडचा आवाज मोठा होता.

"बाबा, लोकांच्या रानात कामून जायलाव? कुनी हात उचलला तर? इकडं या बरं तुमी."

"येतो," मामा म्हणाले.

आणि खरंच गेले. त्या वेळी मला गाव फार रिकामं वाटलं. पण पंधरा दिवसही झाले नसतील, एका संध्याकाळी भिंतीपलीकडे पुन्हा थपथप सुरू झाली. मी बाहेर आले.

"आलात? करमलं नाही का?"

"पोरगा चांगला हाय. सूनबाई चांगली हाय. नळाला पानी हाय." ते परातीकडे बघत बोलत होते. "पर ते पानी कुठून यायलंय ते दिसत न्हाई. पोराला इचारलं, तर म्हनला, बाबा, येतंय ना? मंग झालं." भाकरी तव्यावर टाकून म्हणाले, "समदे दिसभर भायेर. मी अन् ती भिंत. इथं निदान भिंतीपलीकडं तुमी हाव."

माझी बदली जिंतूरकडे झाली त्याला त्यानंतर फार दिवस लागले नाहीत. सामान टेम्पोत चढवताना मामा मदतीला आले नाहीत. ते शेतात गेलेत असं शेजारच्या बाईनं सांगितलं. मला राग आला नाही. नंतर फोन करायचे कधीतरी, तोही दुसऱ्या कुणाच्या फोनवरून. पहिला प्रश्न ठरलेला, "तुमच्या येलदरी धरणाला पानी किती हाय?" मी सांगायची. "काठाला गाळ हाय का?" हाय म्हटलं की म्हणायचे, "मंग बरंय."

मग एका मुलीच्या, माझ्या जुन्या विद्यार्थिनीच्या, लग्नाला मी गावात गेले. वैशाखातलं लग्न. जेवणं झाली आणि मामा मांडवाबाहेर उभे दिसले, हातात भिजवलेलं पोतं. फार वाळले होते. मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, "असू द्या, हात ओले हायत." शिवारातल्या शेवटच्या विहिरीचंही पाणी गेलं होतं. तिच्यातलं कासव पोत्यात होतं. आता दुसरी विहीर उरली नव्हती म्हणून ते त्याला गोदावरीला घेऊन निघाले होते.

"मी येऊ का?" मी विचारलं.

"तुमची एसटी?"

"संध्याकाळची धरीन तिथूनच."

बसमध्ये कंडक्टरनं पोत्याकडे बोट केलं. "काय हाय त्यात?"

"पाव्हना हाय," मामा म्हणाले. "नदीला सोडायला चाललोय."

कंडक्टरनं पोत्याचं तोंड उघडून आत पाहिलं, कपाळाला हात लावला आणि आम्हा दोघांचंच तिकीट फाडलं. फाट्यावर उतरून आम्ही नदीकडे चालत गेलो. ऊन उतरायला लागलं होतं. नदी दिसायच्या आधी तिचा वास आला. मी नाकाला पदर लावला. मामांनी काही लावलं नाही, फक्त चाल मंदावली.

पाणी होतं, बंधाऱ्यानं अडवलेलं, पुष्कळ. पण काळसर, वर फेसाची साय धरलेली. काठावर वाळू उपसून उपसून खड्डे पडले होते. कडेला बारीक मासळी तोंड वर काढून हवा ओढत होती, शेकडो तोंडं, उघडत आणि मिटत. मामा बराच वेळ ती तोंडं बघत राहिले. मग म्हणाले, "पाऊस पडला की निवळंल." ते मला सांगत होते की पोत्यातल्याला, कळलं नाही.

त्यांनी कासव पाण्याच्या कडेला ठेवलं आणि आम्ही लांब जाऊन बसलो, कारण माणूस जवळ असलं की ते मान काढत नाही. खूप वेळ ते दगडासारखं पडून राहिलं. मग मान बाहेर आली. लांब मान, टोकाला डुकरासारखं नाक. त्यानं ते नाक पाण्याकडे धरलं. पाण्याला लावलं. आणि मग सावकाश वळलं, आणि काठ चढून वर यायला लागलं.

मामा उठले, त्याला उचललं आणि पुन्हा पाण्याशी ठेवलं, या खेपेला अर्धं पाण्यात. आम्ही पुन्हा लांब बसलो. ते पुन्हा वळलं.

"मामा, आणखी पुढं दुसरी जागा बघायची का?" मी विचारलं.

कासव आमच्यापासून काही अंतरावरून गेलं, काठ चढलं, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून मोकळ्या झालेल्या काळ्या रानात शिरलं. भेगा पडलेल्या जमिनीवर ते अडत होतं, भेगेच्या कडेनं जात होतं, पुन्हा आपली दिशा धरत होतं. त्या दिशेला काय आहे, मला माहीत नव्हतं. मामांनाही नसावं. तिकडे लांबवर फक्त रान होतं आणि एक लिंबाचं झाड.

"ऊन कमी झालंय," मामा म्हणाले. "चालंल ते."

"धरा ना त्याला. माझ्याबरोबर येलदरीला नेते."

"हरबार मीच ठरवलं बाई, ह्यांनी कुठं ऱ्हायचं ते. आता ह्याचं ह्याला ठरवू द्या." त्यांनी रिकामं पोतं खांद्यावर टाकलं. "तुमी निघा. एसटी चुकंल."

"आणि तुम्ही?"

"हे कुठं जायलंय बघतो."

त्या पावसाळ्यातच मामा गेले. मुलगा येईपर्यंत दत्तरावांनी सगळं केलं, असं मला फोनवर कळलं. ते कासव कुठं पोचलं हे विचारायचं राहूनच गेलं.

त्या संध्याकाळी नदीवरून मी रस्त्यावर चढले तेव्हा फाट्याकडून एसटीचा धुरळा दिसत होता. मी मागे वळून पाहिलं. कासव आता दिसत नव्हतं, पण ते कुठं आहे हे मामांवरून कळत होतं. ते एक पाऊल टाकायचे आणि उभे राहायचे. बराच वेळ उभे राहायचे, मग आणखी एक पाऊल. मध्ये अंतर ठेवून, त्याला आपली चाहूल लागू नये म्हणून. एवढ्या मोठ्या उघड्या रानात दुसरं कुणी नव्हतं. दोघांचीही पाठ नदीकडे होती.